‘वीस अंश उतरले’ म्हणजे नेमकं काय उतरलं?

‘कूलर बसवल्यावर पॉवर स्टिअरिंग ऑइलचं तापमान २० अंशांनी कमी झालं.’

हे वाक्य किंवा याचं सख्खं भावंड तुम्ही नक्की कुठेतरी वाचलं असेल. आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर, गाड्यांचे कारखाने भरपूर आणि गाडीवेडी पोरं त्याहून जास्त. त्यामुळे फायनल इयरच्या प्रोजेक्टला कुणी रेडिएटर घेतं, कुणी इंटरकूलर, कुणी स्टिअरिंगचा ऑइल कूलर. शेवटच्या पानावर हमखास असा एक आकडा असतो. ज्युनिअर मंडळी रिपोर्ट वाचायला देतात, मी वाचते, आणि दर वेळी याच वाक्यापाशी अडते.

आज या एका वाक्याची चिकित्सा करू. कुठल्या रिपोर्टचं नाव घेणार नाही. एक तर ही एकट्यादुकट्याची चूक नाही. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. हेच वाक्य मी स्वतः छातीठोकपणे बोललेली आहे, एम.एस्सी. फिजिक्स झाल्यावर, पीएचडीला नाव घातल्यावर, भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये उभी राहून.

आधी प्रसंग

माझा मावसभाऊ चाकणला शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या रविवारी ऑटोक्रॉसला जातो. मोकळ्या मैदानात कोन मांडलेले असतात, त्यांच्यामधून कमीत कमी वेळात गाडी काढायची. गाडी जुनी सेडान, बेल्टवर चालणाऱ्या पंपाचं हायड्रॉलिक स्टिअरिंग. इंजिन ट्यून केलेलं, आरपीएमची मर्यादा वर नेलेली, टायर रुंद. स्टिअरिंगच्या भागांना मात्र कुणी हात लावलेला नव्हता.

एका रविवारी तिसऱ्या फेरीनंतर बॉनेटमधून धूर आला. स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीचं झाकण ओलं झालं होतं आणि तेल ओघळून एक्झॉस्टकडे चाललं होतं. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. अशा स्टिअरिंगमध्ये बऱ्याचदा एटीएफ वापरतात. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण १८० ते २०० अंशांच्या पुढे असतो, आणि जोरात पळवलेल्या पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणजे गाडीला आग लागू शकते, आत माणूस बसलेला असताना.

सगळ्यांचं निदान एकच होतं: ‘ऑइल उकळलं.’ उपायही एकच, कूलर. मिस्त्रींनी परतीच्या पाइपात बंपरमागे एक छोटा अॅल्युमिनियमचा कूलर बसवला. मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन गेले. इंजिन चालू ठेवलं, स्टिअरिंग बराच वेळ इकडून तिकडे फिरवून तेल तापवलं, मग चाकं सरळ केली आणि गाडी आयडलवर ठेवून मापं घेतली. कूलरमध्ये जाणारा रबरी पाइप ८२. कूलरमधून बाहेर येतानाचं अॅल्युमिनियमचं फिटिंग ६१.

‘एकवीस अंश!’ मी म्हणाले.

मिस्त्रींनी फडकं घेऊन दोन्ही रबरी पाइप चाचपले. ‘मॅडम, दोन्ही पायपं सारखीच तापलीत. तुमचा कूलर काय करत नाय.’

मी हसले. माझ्या हातात यंत्र होतं, त्यांच्या हातात फडकं. पुढच्या रविवारी गाडीने पुन्हा तेल ओकलं.

दोघांचंही चुकलं होतं

मला हा हिशोब त्या रात्री घरी बसल्यावर सुचला. खरं तर तो गॅरेजला जायच्या आधी करायला हवा होता.

कूलरमधून तेल जातं तेव्हा त्यातून किती उष्णता निघते? दर सेकंदाला जाणाऱ्या तेलाचं वस्तुमान, गुणिले विशिष्ट उष्मा, गुणिले आत आणि बाहेर यांच्या तापमानातला फरक. अकरावीचं फिजिक्स. आकडे घालू. कारच्या स्टिअरिंगमध्ये तेलाचा प्रवाह मिनिटाला साधारण ६ ते १० लिटर असतो. समजा ८. घनता लिटरला ०.८५ किलो धरा. म्हणजे मिनिटाला ६.८ किलो, सेकंदाला सुमारे ०.११३ किलो. अशा तेलांचा विशिष्ट उष्मा साधारण २००० जूल प्रति किलो प्रति अंश. गुणाकार केला की उत्तर येतं: तापमानातल्या दर एका अंशाच्या फरकामागे सुमारे २२७ वॅट.

मग वीस अंश म्हणजे? साडेचार किलोवॅट. घरातला साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. म्हणजे माझ्या दाव्यानुसार हाताच्या पंजाएवढा तो कूलर, बंपरमागे, उभ्या गाडीत, दोनाहून जास्त गिझरांइतकी उष्णता हवेत फेकत होता.

बरं, फेकत होता असं धरू. मग पुढचा प्रश्न येतो, ही उष्णता आली कुठून? आयडलवर, चाकं सरळ असताना, पंप जेमतेम ५ बार दाबाविरुद्ध तेल ढकलत असतो. दाब गुणिले प्रवाह म्हणजे सुमारे ६७ वॅट. आत ६७ वॅट येणार आणि बाहेर ४५०० जाणार असेल, तर फरक साठलेल्या उष्णतेतून निघायला हवा. तेल आणि त्याला चिकटलेलं लोखंड-अॅल्युमिनियम मिळून उष्णता धारण करायची क्षमता अंदाजे अंशाला ४ किलोजूल धरली, तर सगळी सिस्टिम सुरुवातीला सेकंदाला एका अंशाहून जास्त वेगाने थंड व्हायला हवी होती. मिनिटभरात पाइप कोमट! आमचे पाइप मात्र आम्ही वाद घालत होतो तेवढा सगळा वेळ चटके देत होते.

म्हणजे माझा आकडा अशक्य होता. तो कुठून आला तेही सांगते. इन्फ्रारेड थर्मामीटर तापमान मोजत नाही. तो पृष्ठभागातून येणारं प्रारण मोजतो आणि ‘हा पृष्ठभाग इतका चांगला उत्सर्जक आहे’ असं गृहीत धरून तापमान सांगतो. हे गृहीतक म्हणजे एमिसिव्हिटी. स्वस्त यंत्रांत ती ०.९५ ला पक्की केलेली असते. काळ्या रबराला ती शोभते. चकचकीत अॅल्युमिनियमची एमिसिव्हिटी ०.१ च्या आसपास असते. मळकट, ऑक्साइड चढलेल्या अॅल्युमिनियमची जास्त असते, तरी रबराइतकी नाही. म्हणजे मी एका टोकाला रबर मोजलं आणि दुसऱ्या टोकाला धातू. एकवीस अंशांतला बहुतेक फरक तेलाचा नव्हता, रबर आणि अॅल्युमिनियमचा होता. नंतर दोन्हीकडे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून टेपवरच मोजलं, तेव्हा फरक दोन-तीन अंशांवर आला.

आता मिस्त्रींकडे वळू. दोन्ही पाइप सारखेच तापलेत, हे त्यांचं निरीक्षण माझ्या यंत्रापेक्षा खरं होतं. निष्कर्ष मात्र चुकला. दोन-अडीच अंश गुणिले २२७ म्हणजे पाचशेहून जास्त वॅट. एवढ्या छोट्या कूलरसाठी हे काम अगदी चांगलं आहे. तेलाचा प्रवाह मोठा असल्याने एका फेरीत फरक थोडाच पडणार. तेच तेल मिनिटात कित्येकदा फिरून येतं आणि दर फेरीला थोडं थोडं देत जातं. फडक्याला दोन अंश कळत नाहीत.

म्हणजे ‘कूलर भन्नाट चालतो’ म्हणणारी मी आणि ‘कूलर चालतच नाही’ म्हणणारे मिस्त्री, आम्ही एकच चूक करत होतो. कूलरचं काम आम्ही अंशांत मोजत होतो. ते वॅटमध्ये मोजायचं असतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये प्रवाह वेगळा असेल तर २२७ च्या जागी तुमचा आकडा घाला. पण प्रवाहच कुठे लिहिलेला नसेल, तर तापमानाच्या त्या फरकावरून काहीही सिद्ध होत नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्या रिपोर्टांमध्ये हे वाक्य मी वाचलं, त्यांतल्या बहुतेकांत प्रवाह लिहिलेलाच नव्हता.

तेल तापतं कुठे, हे आधी विचारा

दुसरी तक्रार जास्त खोलवरची आहे. रिपोर्ट ‘कूलर कुठला बसवायचा’ इथून सुरू होतो. उष्णता किती आणि कुठे तयार होते, हा प्रश्न वगळलेला असतो.

थोडा इतिहास बघू, कारण उत्तर त्यात आहे. मोटारींच्या पॉवर स्टिअरिंगचं श्रेय मुख्यतः अमेरिकन इंजिनिअर फ्रान्सिस डेव्हिस यांना जातं. १९२६ मध्ये त्यांनी पिअर्स-अॅरो गाडीवर आपली रचना दाखवली. बाजारातल्या कारमध्ये ती यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलच्या रूपाने. डेव्हिस यांची कल्पना अशी: दाब साठवून ठेवायचा नाही, तेल सतत फिरत ठेवायचं. चाक सरळ असताना व्हॉल्व उघडा असतो आणि तेल सहज परत जातं. स्टिअरिंग वळवलं की व्हॉल्व वाट अडवतो आणि हवा तेवढा दाब तयार होतो. रचना साधी आणि टिकाऊ. पण तिची किंमत अशी की तुम्ही स्टिअरिंगला हात लावा किंवा नका लावू, पंप तेल फिरवतच राहतो.

पंप इंजिनच्या बेल्टवर असतो. समजा तो एका फेऱ्यात १० घन सेंटिमीटर तेल ढकलतो आणि इंजिनच्याच वेगाने फिरतो. ८०० आरपीएमला मिनिटाला ८ लिटर. ६००० आरपीएमला ६० लिटर. स्टिअरिंगला एवढं तेल नको असतं, म्हणून पंपातच फ्लो कंट्रोल व्हॉल्व असतो. तो जास्तीचे ५२ लिटर आतल्या आत पंपाच्या तोंडाशी परत सोडतो. ते तेल कूलरपर्यंत येतच नाही. पण त्यालाही दाब देऊन मग तो दाब वाया घालवलेला असतो, आणि वाया गेलेला दाब म्हणजे उष्णता. सरळ रस्त्यावर, ५ बारला, ६० लिटर प्रति मिनिट म्हणजे ५०० वॅट. आयडलवरच्या ६७ वॅटचे ५००, तेही स्टिअरिंग न हलवता. पंपाचं घर्षण यात धरलेलंच नाही.

आता दुसरं टोक. स्टिअरिंग पूर्ण वळवून लॉकला धरून ठेवलं की दाब रिलीफ व्हॉल्वच्या मर्यादेपर्यंत जातो. कारमध्ये ती साधारण ८० ते १२० बार असते. १०० बार आणि आयडलचे ८ लिटर घेतले तरी १.३ किलोवॅट होतात. सिस्टिममधलं एक लिटर तेल यात सेकंदाला पाऊण अंशाहून जास्त, मिनिटाला पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापेल, भोवतालच्या धातूने काही ओढून घेतलं नाही तर. लॉकला स्टिअरिंग काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, असं मॅन्युअलमध्ये लिहितात त्यामागे हा हिशोब आहे.

ऑटोक्रॉसमध्ये ही दोन्ही टोकं एकत्र येतात. आरपीएम वर, स्टिअरिंग सतत लॉककडे, टायर रुंद असल्याने दाब जास्त, आणि गाडीचा वेग कमी असल्याने कूलरवर हवा नाही. हायवेवर मस्त चालणारा कूलर मैदानात का हरतो, ते इथे कळतं.

एकदा उष्णतेचा उगम कळला की उपायांची यादी बदलते. पंपाची पुली २० टक्क्यांनी मोठी केली, तर ६००० आरपीएमला पंप ५००० वरच फिरेल आणि सरळ रस्त्यावरचे ५०० वॅट सुमारे ४२० होतील. ही उष्णता काढायची गरजच उरत नाही, कारण ती तयारच झालेली नसते. बदल्यात पार्किंगमध्ये आयडलवर स्टिअरिंग थोडं जड लागेल. ही देवाणघेवाण रिपोर्टमध्ये चर्चेला यायला हवी. पण प्रश्नच ‘कूलर’ असा मांडला की हा उपाय दिसतच नाही. संशोधनात प्रश्न कसा मांडता, यावर कुठली उत्तरं तुमच्या नजरेस पडतील ते ठरतं.

हवा, वेळ आणि रंगीत चित्र

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगते.

पहिली, हवा. ‘आधी’ची चाचणी मे महिन्यातल्या दुपारी, ‘नंतर’ची सकाळी सातला. पुण्याच्या उन्हाळ्यात या दोन वेळांमधला हवेचा फरक सहज बारा-पंधरा अंश असतो. कूलर न बसवताही एवढे अंश ‘उतरतील’. म्हणून तेलाचं नुसतं तापमान लिहू नका. हवेपेक्षा तेल किती वर आहे ते लिहा, आणि हवा कुठे मोजली तेही. एसीच्या कंडेन्सरमागे कूलर असेल तर त्याची ‘हवा’ वेगळीच, बाहेरच्यापेक्षा तापलेली.

दुसरी, वेळ. समजा सिस्टिममध्ये ५०० वॅट येतात. कूलर नसताना हवेपेक्षा दर अंश फरकामागे ८ वॅट बाहेर जातात, कूलर असताना २०. उष्णताधारण क्षमता वरच्याप्रमाणे अंशाला ४ किलोजूल. तर शेवटी तेल स्थिरावेल ते हवेपेक्षा ६२.५ अंश वर आणि २५ अंश वर. खरा फायदा साडेसदतीस अंशांचा. पण पाचच मिनिटं चाचणी घेतली तर? पहिल्या वेळी तेल २८ अंश वर गेलेलं असेल, दुसऱ्या वेळी १९. फरक फक्त नऊ. कूलर नसलेली सिस्टिम हळू तापते, तिला स्थिरावायला पंचवीसेक मिनिटं लागतात. म्हणजे घाईची चाचणी चांगल्या कूलरला कमी मार्क देते. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला वाटतं की ढिसाळ प्रयोग नेहमी आपल्या बाजूने खोटं बोलतो. तो कुणाच्याच बाजूचा नसतो.

तिसरी, सीएफडीचं रंगीत चित्र. त्यात कूलरच्या तोंडाशी तेलाचं तापमान १२० अंश असं आपणच भरलेलं असतं, आणि मग बाहेर पडणारं तेल किती थंड झालं ते अभिमानाने दाखवतो. पण गाडीत तेल वर्तुळात फिरतं. कूलर चांगला असेल तर पुढच्या फेरीला आत येणारं तेल १२० चं नसेलच. आत किती येतं हे कूलरवरच अवलंबून आहे. जे शोधायचं होतं तेच गृहीत धरलं, तर चित्र कितीही सुंदर असो, ते उत्तर नव्हे. सॉफ्टवेअर वाईट नाही. ठरलेल्या तापमानाऐवजी ठरलेली उष्णता आत द्या आणि सिस्टिमला स्वतःचं तापमान शोधू द्या.

‘उकळलं’ या शब्दाने केलेला घोटाळा

आता परत आमच्या गाडीकडे. कूलर पाचशे वॅटचं काम करत होता, तरी दुसऱ्या रविवारी तेल बाहेर का आलं?

‘उकळलं’ या शब्दाने आम्हाला फसवलं होतं. हे तेल पाण्यासारखं शंभरला उकळत नाही. डबीतून बाहेर यायला मात्र त्याला उकळायची गरजच नसते. तेल तापलं की प्रसरण पावतं, दर अंशाला हजारात पाऊण भाग धरा. एक लिटर तेल ३० वरून ११० अंशांवर गेलं तर सुमारे ६० मिलिलिटर वाढतं. ही सगळी वाढ छोट्याशा डबीत येऊन बसते. म्हणून डबीवर थंड तेलासाठी एक खूण असते आणि गरम तेलासाठी दुसरी, तिच्या वर. आम्ही थंड गाडीत तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. शिवाय कूलर आणि त्याचे नवे पाइप जोडल्याने सिस्टिममधलं तेल वाढलं होतं, म्हणजे प्रसरणही वाढलं. आणि नव्या पाइपांतली हवा आम्ही नीट काढली नव्हती. अडकलेली हवा तेलात घुसळली जाऊन फेस होतो, आणि फेसाला जागा जास्त लागते.

म्हणजे तेल ओकण्यावरचा उपाय म्हणून बसवलेला कूलर, ज्या पद्धतीने आम्ही तो बसवला त्यामुळे, तेल ओकायला हातभार लावत होता. हे माझ्या एकवीस अंशांनी झाकून टाकलं. आकडा इतका छान होता की पुढे कुणी काही तपासलंच नाही. मी तर नाहीच. भाऊ त्या आकड्याच्या भरवशावर मैदानात उतरला होता. हे मला आजही खटकतं.

काम झालं, शोध लागला का?

पुढे आम्ही काय केलं? तेल खालच्या खुणेपर्यंत ठेवलं. चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग पुन्हा पुन्हा लॉकपासून लॉकपर्यंत फिरवत हवा काढली. कूलर बंपरमागच्या कोपऱ्यातून हलवून हवेच्या वाटेवर आणला. आणि दोन फेऱ्यांमध्ये गाडी उभी असताना भाऊ चाकं सरळ ठेवू लागला. त्यानंतर डबीचं झाकण कोरडं आहे.

मिस्त्री खूश, भाऊ खूश. पण यातल्या कुठल्या बदलाने काम झालं? मला माहीत नाही. चारही एकाच आठवड्यात केले. कदाचित तेलाची पातळी एवढं एकच कारण असेल आणि बाकी तिन्ही बदल नुसते बरोबर आले असतील. शोधायचं असतं तर एकेक बदल करून, दर वेळी तितक्याच फेऱ्या मारून, हवेचं तापमान लिहून, प्रसंगी मुद्दाम जुनी चूक परत करून बघावी लागली असती. भावाच्या गाडीत, एक्झॉस्टवर तेल सांडायचा धोका असताना, मी ते करणार नव्हते. टेस्ट बेंचवर नक्की केलं असतं.

इथे गॅरेज आणि लॅब यांत फरक आहे, आणि त्यात कुणी खालचं-वरचं नाही. गॅरेजला गाडी सुरक्षित हवी असते. त्यासाठी चार उपाय एकदम करणं शहाणपणाचंच आहे. लॅबला कारण हवं असतं, आणि तिथे चार बदल एकदम करणं म्हणजे स्वतःच पुरावा पुसून टाकणं. गडबड होते ती गॅरेजचं काम करून लॅबचं वाक्य लिहिल्यावर. ‘कूलर बसवल्यावर तेल ओकणं थांबलं’ हे खरं आहे. ‘कूलरमुळे थांबलं’ हे लिहायचा हक्क मी कमावलेला नाही.

कुणी म्हणेल, आता हायड्रॉलिक स्टिअरिंगवर एवढा खल कशाला? बऱ्याच नव्या कारमध्ये विजेवरचं पॉवर स्टिअरिंग असतं. खरं आहे. तिथे पंप नाही, तेल नाही, आणि सरळ रस्त्यावर वाया जाणारी ती सततची उष्णताही नाही. पण ट्रक, बस, ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक अजून भक्कम आहे. आणि विजेच्या स्टिअरिंगलाही लॉककडे पुन्हा पुन्हा फिरवत राहिलं की मोटर तापते आणि ती वाचवण्यासाठी कंट्रोलर मदत कमी करतो. तेलाच्या जागी तांब्याची वेटोळी आली, एवढाच फरक. किती वॅट येतात, किती जातात, स्थिरावायला किती वेळ लागतो, हे प्रश्न तिथेही तेच आहेत.

म्हणून पीएचडीच्या सिनॉप्सिसची किंवा मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगते. कुठल्याही पेपरात, रिपोर्टात किंवा स्वतःच्या वहीत ‘इतके अंश उतरले’ असं दिसलं, की पुढे जायच्या आधी पेन्सिलीने समासात पाच प्रश्न लिहा:

१. कुठून कुठे उतरले, आणि दोन्ही ठिकाणी मोजायची पद्धत एकच होती का?
२. प्रवाह किती, म्हणजे याचे वॅट किती होतात?
३. तेवढे वॅट तयार तरी होत होते का?
४. हवेचं तापमान किती होतं आणि सिस्टिम स्थिरावली होती का?
५. त्याच वेळी आणखी काय काय बदललं होतं?

पाचांपैकी तिसरा माझा आवडता. त्याला यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही, गाइडची सही लागत नाही. एक कागद आणि दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं मी गॅरेजला जायच्या आधी दिली असती, तर मिस्त्रींच्या फडक्यावर हसले नसते.